रक्तपेढीतला हिरवा दिवा

३ जून
कॉलेज सोडून आज अकरा महिने. पश्चात्ताप शून्य. मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये पहिलं स्वतंत्र काम मिळालं. रक्तपेढीच्या फ्रीजचा काटा बिघडलाय, म्हणून आपली डबी तापमान मोजून वायरने कॉम्प्युटरला पाठवणार. वायर जोडलेली असेल तर हिरवा दिवा. निघाली तर दिवा बंद, भोंगा सुरू. डाव्या हातचा मळ.

५ जून
मापं घ्यायला गेलो. स्क्रू पडला तो तिथल्या टेक्निशियनने उचलून दिला. आणि हसली. जुळलं. कामासाठी म्हणून नंबर घेतला.

६ जून
संकल्प : रोज एकच मेसेज.
(पाच गेले. पहिला दिवस धरू नये.)

१० जून
दिवा मिचमिचतो. वायर जरा हलली की भोंगा. मास्तर म्हणाले, वायरचा जोड मधे कधी तुटला असेल तर डबीतली चिप ते लक्षात ठेवते. पहिल्यांदा विचारलं की मागचं सांगते. लगेच दुसऱ्यांदा विचार, ते आत्ताचं. आणि दर सेकंदाला विचारत राहा. मी म्हटलं, एवढा संशय बरा नव्हे. म्हणाले, संशयाचाच पगार मिळतो आपल्याला. मी टेस्टर आपटला. सॉरी म्हणणार नाही.

१२ जून, दुपारी ३
मास्तर लेकीकडे गेलेत. तोडगा काढला. सुरू होताना एकदाच विचारायचं. एकदा जुळलं की जुळलं. दिवा कसा ध्यानस्थ. वायर काढून बघ, अशी चिठ्ठी ठेवून गेलेत. लागलेलं कशाला उपटा?

१४ जून
डबी बसवली. तिने विचारलं, दिवा हिरवा असला की मी निर्धास्त ना? मी म्हटलं, डोळे मिटून. जाताना थँक्यू दादा म्हणाली. हल्ली सगळेच सगळ्यांना दादा म्हणतात.

१८ जून
मेसेजला एकच टिक. ताई म्हणते, शहाण्या, तिने तुला ब्लॉक केलंय. ताईला टेक्निकल काही कळत नाही. फोन बंद असणार. चार दिवस? जुना फोन आहे.

२१ जून
पेढीवरून सहज गेलो. (तिसऱ्यांदा.) खिडकीतून दिवा दिसला. हिरवागार. बरं वाटलं. वायर मात्र दिसेना. टेबलाआड असेल.

२४ जून, सकाळी ११
मास्तरांना पेढीतून फोन. दोघं गेलो. वायर फरशीवर पडलेली. पुसणाऱ्या मावशींनी वीस तारखेला काढली होती, लावायची राहिली. बावीसला फ्रीज बंद पडला. कॉम्प्युटर शेवटचाच आकडा दाखवत बसला, चार अंश. सदतीस पिशव्या नासल्या. काल एका बाळंतिणीसाठी रक्त बाहेरून आणावं लागलं. उशिरा पोचलं. ती अजून शुद्धीवर नाही.

टेक्निशियनने प्रत्येक पाळीला रजिस्टरमध्ये लिहिलंय : दिवा हिरवा. खाली सही. तिला घरी पाठवलंय.

मास्तर खाली वाकले. वायर उचलली, लावली, काढली. लावली, काढली. दिवा हिरवाच. मग वायर माझ्या हातात दिली आणि पेढीच्या साहेबांच्या खोलीत गेले. मलाही जायचं होतं. म्हटलं, आधी तिला सांगू. जिन्यात उभं राहून टाइप केलं : चूक माझी आहे, तुझी नाही, तसं लिहून देतो.

एक टिक.

दुसऱ्यांदा पाहिलं. आत्ताचंही तेच : एक टिक.