चार बोटं चरबी

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
बाहेर उणे अकरा. निर्धार पक्का: रोज पाच किलोमीटर पळणे.
डेपोच्या डॉक्टरीणबाई लुद्मिला इग्नात्येव्ना यांनी परवा तोंडावर सांगितलं. पंचवीस डिसेंबरला मेडिकल. वजन अठ्ठ्याण्णव आहे, ते ब्याण्णव हवं. वीस उठाबशा काढायच्या आणि तीन मिनिटांत नाडी जागेवर यायला हवी. नाही आली तर इंजिनवरून खाली उतरायचं आणि भांडारात बसून नटबोल्ट वाटायचे. बावीस वर्षं मालगाडी चालवतोय मी. दुसरं काही येत नाही मला, आणि यायला नकोच आहे.
त्रेपन्न दिवस आहेत. सहा किलो म्हणजे दिवसाला एकशे तेरा ग्रॅम. एवढं तर नीट अंघोळ केली तरी जातं.

३ नोव्हेंबर.
मंगळवार. मंगळवारी आमच्यात कोणी नवं काम काढत नाही. मी अंधश्रद्धाळू नाही, पण उगाच कशाला?

४ नोव्हेंबर, बुधवार.
पळालो! चौथ्या टेलिफोनच्या खांबापर्यंत. तिथे छातीत थंड हवा सुरीसारखी शिरली, म्हणून शहाण्या माणसासारखा परतलो. फोनमधलं अ‍ॅप म्हणतं ३१० मीटर. थंडीने अ‍ॅप गारठलं असणार.

५ नोव्हेंबर.
ड्युटी.

६ नोव्हेंबर.
ड्युटीचा थकवा.

७ नोव्हेंबर.
राबिगाला म्हटलं, उद्यापासून तूही चल, जोडीने पळू. बायको म्हणून तिचं काही कर्तव्य आहे की नाही? ती म्हणाली, अहो, साडेसहाला मी शाळेच्या खानावळीत असते. अडीचशे पोरांचा रस्सा काय झोपून ढवळते मी? तुम्हीच या ढवळायला, चांगला घाम निघेल.
इंटरनेटवर वाचलं: हिवाळ्यात कार्डिओ टिकवायचा तर पार्टनर पाहिजे. आता माझं काय चुकतंय ते कळलं. चुकतंय ते राबिगाचं.

८ नोव्हेंबर.
पार्टनर सापडला! आमच्याच तबेल्यात उभा होता.
यंदाचा सोगीमचा, म्हणजे हिवाळ्यासाठी कापायचा घोडा आमच्याकडे बांधलाय. थोरला भाऊ सापारगाली आगा आणि आम्ही, दोन्ही घरांचं हिवाळ्याचं मांस ते हेच. तेरा डिसेंबरला कापायचा, कारण वीस तारखेला आगाचे नवे व्याही पहिल्यांदा जेवायला येतायत. बांधताना आगाने बजावलं होतं, तोलेगेन, ओट घाल, पाणी पाज, आणि याला जागचा हलू देऊ नकोस. फासळ्यांवर चार बोटं चरबी चढली पाहिजे. व्याह्यांसमोर नाक कापू नकोस माझं.
आगा जुन्या वळणाचा माणूस. त्याला विज्ञान काय माहीत? व्यायाम केला की भूक लागते. भूक लागली की खाणं वाढतं. खाल्लं की चरबी. म्हणजे घोडा पळाला तर चार काय, सहा बोटं येतील. मी बारीक, तो जाड. दोघांचंही भलं. घरात एवढ्यात काही बोलणार नाही, एकदम आनंदाचा धक्का देणार.

१० नोव्हेंबर.
राबिगा कामावर गेल्यावर निघालो. मी दावं धरून पळत, तो शेजारी. चौथ्या खांबापाशी गुडघा बोलायला लागला. पार्टनर थांबेना. त्याचा उत्साह मोडवेना, म्हणून थोडा वेळ त्याच्या पाठीवर बसलो.
अ‍ॅप: ६.४ किलोमीटर. मला ठाऊकच होतं, नुसती सुरुवात व्हायची खोटी.

१५ नोव्हेंबर.
९.१ किलोमीटर. सरासरी वेग सतरा. डेपोच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या सहायक चालकाने लिहिलं, तोलेगेन आगा, तुम्ही माणूस आहात की इंजिन? मी विनयाने फक्त एक मुठीची इमोजी पाठवली.
आता सुरुवातीपासूनच पाठीवर बसतो. घोड्यावर बसणं हाही व्यायामच. मांड्या, कंबर, शिवाय तोल. पायी पळणाऱ्याला तोल कुठे सांभाळावा लागतो?

२१ नोव्हेंबर.
उणे बावीस. गावात घरोघरी सोगीमचे घोडे कापायला सुरुवात झाली. आज पहिलं आमंत्रण, समोरच्या घरी. नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या घोड्याचा अपमान. ताटात आतड्यात भरून उकडलेली फासळीच्या मांसाची काझी, तीन बोटं चरबीवाली, पिवळीधमक. फक्त चाखली. दोनदा वाढलं तेव्हा दोनदा चाखली.

२४ नोव्हेंबर.
दोन आमंत्रणं. दोन्हीकडे हजेरी. सकाळी ११ किलोमीटर झाल्यावर शरीर मागतंच हो, त्याचं ऐकायला हवं.

२८ नोव्हेंबर.
वजन केलं. एकशे एक.
वाचलंय मी, चरबीपेक्षा स्नायू जड असतो. म्हणजे स्नायू आला. शिवाय काटा ओसरीत असतो, तिथे गारठा. स्प्रिंग आखडली असणार.

२ डिसेंबर.
राबिगाला शंका आली. म्हणाली, अहो, हा दिवसाला दोन बादल्या ओट खातो, आणि पोट कुठे जातंय याचं? जंत झाले की काय? मी म्हटलं, वाढीचं वय आहे. म्हणाली, पाच वर्षांच्या घोड्याला? आणि तबेल्यात उभ्या असलेल्या जनावराच्या खुरांत बर्फाचे गोळे कसे अडकतात? मी म्हटलं, छप्पर गळतंय. तिने आधी छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईमाणसाला तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण.

५ डिसेंबर.
उणे सत्तावीस, वर वारा. आज खरंच नको वाटत होतं. पांघरुणात होतो. पण सात वाजले की पार्टनर तबेल्याच्या दाराला लाथा घालतो. याला म्हणतात निष्ठा! लाजेकाजेस्तव उठलो. रुळांच्या बाजूने गेलो, तर मागून पॅसेंजर आली. पार्टनरने कान टवकारले आणि मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत सुटला. सिग्नलपर्यंत आम्ही पुढे! चालकाने शिट्टी मारली, खिडक्यांतून लोक हात हलवत होते.
कमाल वेग: ताशी ४२. अ‍ॅपने मला पदक दिलं. एवढं जवान मला वीस वर्षांत वाटलं नव्हतं.

९ डिसेंबर.
आमंत्रणं: दुपारी एक, संध्याकाळी एक. काटा पाहिला नाही. रोजरोज पाहू नये, मन खचतं.

१२ डिसेंबर.
उद्या आगा येणार, बरोबर कापणारा म्हातारा कोझाबेक. पार्टनरला शेवटचं फिरवून आणलं. तबेल्यात परतल्यावर त्याने माझ्या खांद्यावर मान टेकवली. मला त्याच्याकडे बघवेना. एवढी वर्षं घोडे खाल्ले, पण कुणाबरोबर महिनाभर व्यायाम केला नव्हता. फार वाईट वाटलं. राबिगाला म्हटलं, डोळ्यांत वारा गेलाय.

१३ डिसेंबर, रविवार.
काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.
कोझाबेकने घोड्याच्या आयाळीखाली हात घातला. मग फासळ्यांवर. मग हातमोजा काढून परत फासळ्यांवर. आगाने विचारलं, किती बोटं? कोझाबेक म्हणाला, बोटं कसली, नखभरही नाही. अरे, हा घोडा आहे की कपडे वाळत घालायचा दांडा? फासळ्या मोजून घे हव्या तर.
आगा माझ्याकडे वळला. काय खायला घातलंस रे? राबिगा म्हणाली, खाण्याचं नका विचारू, फिरण्याचं विचारा. खुरांत रोज बर्फ असतो.
मग मी सरळ पुरावाच पुढे केला. फोन दिला. महिनाभराची मेहनत, लपवायचं काय त्यात? आगाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: एकूण ३०४ किलोमीटर, कमाल वेग ताशी ४२. म्हणाला, तू पळालास? मी म्हटलं, आम्ही.
कोणी हसलं नाही. मग कोझाबेकने माझ्या कोटाच्या आत हात घालून माझ्या बरगड्या चाचपल्या. सापारगाली, म्हणाला, चार बोटं इथे आहेत बघ, वर एक जास्तच. चुकीचा बांधलास तू.
तेव्हा सगळे हसले. आगा नाही हसला. व्याह्यांना आता काय तुझं अ‍ॅप वाढू का, एवढं म्हणून गाडीत बसला.

१४ डिसेंबर.
आगा फोन उचलत नाही. वहिनीने उचलला. म्हणाली, भाऊजी, सध्या नका करू फोन, ते ताट आपटतायत.

१७ डिसेंबर.
पलीकडच्या स्टेशनातून दुइसेनबाय आला. शर्यतीचे घोडे बाळगणारा माणूस. त्या पॅसेंजरमध्ये बसला होता म्हणे, तेव्हापासून हा तपकिरी घोडा शोधतोय. आगाला बोलावून घेतलं. दुइसेनबायने पार्टनरला पाच किलोमीटर पळवून आणलं, छातीला कान लावला, घड्याळ धरलं. म्हणाला, दोन मिनिटांत ठोके जागेवर! असा घोडा कापायला निघालात? देवाला घाबरा जरा.
अदलाबदल ठरली. त्याने एक जाडजूड म्हातारी घोडी दिली. कोझाबेकने हात लावला आणि लहान मुलासारखा हसला. पाच बोटं! आगाने मला एक महिना पुरेल एवढ्या शिव्या दिल्या आणि मिठी मारली.
दुइसेनबायने विचारलं, याला तयार कोणी केलं? मी पुढे झालो. त्याने मला खालून वर पाहिलं. म्हणाला, अस्सं, हे ओझं होतं होय पाठीवर. तरीच छाती अशी उघडलीय. शंभराच्या वर असाल ना?
जाणकार माणूस.

२० डिसेंबर.
व्याही जेवले, खूश झाले. मी दोन्ही घरांच्या वतीने त्यांना साथ दिली. उद्यापासून नुसतं पाणी. तबेला रिकामा आहे. सकाळी सात वाजता कोणी लाथा मारत नाही, मग जाग तरी कशी येणार?

२४ डिसेंबर.
दिवसभर पाणी. रात्रीचं जेवण मोजत नाही.

२५ डिसेंबर, शुक्रवार.
वजन: एकशे चार.
उठाबशा: सात. आठवीला खाली गेलो तो लुद्मिला इग्नात्येव्नांनी हाताला धरून वर काढलं. नाडी धरून बसल्या. तीन मिनिटं झाली. पाच झाली. त्यांनी चहा मागवला, संपवला, परत नाडी धरली. मग चष्मा काढून म्हणाल्या, तोलेगेन, बावीस वर्षं ओळखते मी तुला, पण या छातीवर तीन हजार टनांची गाडी नाही सोपवू शकत. सहा महिने भांडार.
मी फोन दाखवला. त्यांनी ताशी ४२ पाहिलं आणि आणखी एक चिठ्ठी लिहिली. डोक्याच्या डॉक्टरांच्या नावाची.
रुळांच्या कडेने चालत घरी आलो. वाटेत माझं इंजिन गेलं. माझ्या जागेवर सहायक बसला होता. त्याने शिट्टी मारली. मी हात वर केला. रडू आलं, ते गालावर गोठलं.
राबिगाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ओरडली नाही. चहा ओतला, ताटं मांडली, समोर बसली. म्हणाली, घोडा पळाला, त्याला नोकरी लागली. तुम्ही बसलात, तुमची गेली.
मग तिने माझ्या ताटातली अर्धी काझी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. मी ताट तिच्याकडे आणखी थोडं सरकवलं.