वार्तान अंकलच्या फोटोचा हार

२ मार्च, रवि.
लेक ईराची फुटबॉल प्रॅक्टिस. अख्ख्या आर्मेनियन क्लबात आम्ही घरचे तिघेच मराठी, तरी क्लबाचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात. सेक्रेटरी अ‍ॅनी म्हणाली, "तू छान लिहितोस, मेट." हुरळलो. पन्नाशीचा कार्यक्रम ५ एप्रिलला, तोवर पुस्तिका हवी. संस्थापक पाच, चार गेले. पाचवे वार्तान अंकल, गोलकीपर. कसल्याशा भांडणानंतर दोन तासांवरच्या वॉलॉंगॉंगला गेले ते तीस वर्षांत इकडे फिरकले नाहीत. नंबर मिळालाय. उद्या फोन.

९ मार्च, रवि.
फोन राहिला. ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा. शिवाय अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायचं म्हणजे तासाची निश्चिंती. क्लबाच्या एका जुन्या फायनलमध्ये त्यांनी अडवलेल्या पेनल्टीवर जुन्या कात्रणावरून अर्धं पान लिहून काढलं. भारी जमलंय.

१६ मार्च, रवि.
मीटिंग. अ‍ॅनीने विचारलं, "वार्तान?" म्हणालो, "फोन केला, उचलला नाही. गेले असं कोणीतरी म्हणालं."
कोणीतरी म्हणजे कोण? कोणी नाही. निघून गेलं तोंडातून. अ‍ॅनीने छातीवर क्रूसाची खूण केली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही मान खाली घातली. तेवढं नाटक बरं जमतं. घरी येऊन पुस्तिकेत नावाआधी 'लेट' टाकलं.

४ एप्रिल, शुक्र.
मृणालने गिरावीनच्या इंडियन दुकानातून चंदनाचे हार आणले, घरी बाबांच्या फोटोला आहे तसे. हौस तिची. "पाचही गेलेत ना रे?" "हो."
आता बायकोशीही खोटं.

५ एप्रिल, शनि.
लिहायची लाज वाटतेय, तरी लिहितो.
हॉलमध्ये पाच फोटो, पाच हार. अ‍ॅनी खूश. साडेतीनला दारात काठी टेकत एक उंच म्हातारा आला आणि सरळ पाचव्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. फोटो त्याचाच. नातीने फेसबुकवर आमंत्रण दाखवलं म्हणून एकटे ट्रेनने आलेले. हातातला चहा कुठे ठेवू मला कळेना.
हाराला बोट लावून म्हणाले, "हे काय?"
"आमच्याकडे मान देतात असा."
ईरा शेजारीच होती. "डॅड, बट दॅट्स लाइक आजोबाज्—" तिला पाणी आणायला पिटाळलं.
अ‍ॅनीने पुस्तिका उघडून 'लेट'वर नख ठेवलं. म्हणालो, प्रिंटिंगची चूक.
अंकलचे डोळे भरलेले. "तीस वर्षांनी मला मान दिलात." फोटो हारासकट काखेत मारून गेले.
गाडीत ईरा: "यू टोल्ड मम ही वॉज डेड." मृणालने रेडिओ लावला, तो कॅसल हिलला घरी येईपर्यंत बंद केला नाही.

१३ एप्रिल, रवि.
अंकलना तीन मेसेज लिहिले, तिन्ही पुसले. मृणाल म्हणाली, "जाऊन सांग. समोर बसून." बाबा शेवटचे आजारी होते तेव्हाही मी "रिलीज झालं की येतो" म्हणालो होतो. हे ती बोलली नाही, मीच लिहितोय.

२६ एप्रिल, शनि.
वॉलॉंगॉंग. ट्रेनमधून समुद्र दिसत होता. वाटत होतं, बिघडावी ही ट्रेन.
अंकलच्या टीव्हीच्या वर भिंतीवर तोच फोटो, तोच हार. कॉफी दिली, जर्दाळू दिले. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "घरी येणारी नर्स नाशिकची आहे. पहिल्याच दिवशी हार पाहून म्हणाली, सॉरी फॉर युअर लॉस, तुमचा भाऊ का?" आणि हसत सुटले. मला हसता येईना.
"मी मेलो हे सांगितलं कोणी तुला?"
"कोणीच नाही. मी फोनच केला नव्हता."
"का?"
"आळस."
त्यांनी पुस्तिका उघडली. मग म्हणाले, "तुझं पान नऊ खोटं आहे. फायनलला मी फॅक्टरीत डबल शिफ्टला होतो. माझी जर्सी घालून कोस्टा खेळला, फॅक्टरीतल्या दुसऱ्या लाइनवरचा ग्रीक. पेनल्टी त्याने अडवली, पेपरात नाव माझं. दर पार्टीला माझ्यासाठी टाळ्या. सहन होईना, म्हणून भांडण उकरून काढून निघून आलो." कोस्टा वारला. त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही.
"मग हे लिहू ना?" मी म्हणालो.
"लिही. पण हा हार खरा होईल तेव्हा. जिवंतपणी तोंड दाखवायची हिंमत नाही माझ्यात. दर रविवारी फोन कर, म्हणजे तुला कळेल."
फोन न करता ज्यांना मारलं, त्यांच्या मरणाची आता फोन करून वाट बघायची. शिक्षा बरोबर आहे.

२८ एप्रिल, सोम.
अ‍ॅनीला मेल केला: गेले असं मला कोणी सांगितलं नव्हतं, प्रिंटिंगची चूकही नव्हती, मी खोटं बोललो. कोस्टाबद्दल काही नाही लिहिलं. उत्तर आलं: "नो वरीज." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर झोंबलं नसतं इतकं.

४ मे, रवि.
पहिला फोन. दोन रिंगमध्ये उचलला. "अजून आहे," म्हणाले. मग क्लबाच्या पहिल्या ग्राउंडबद्दल पाऊण तास. तिथे गाई चरायच्या, मॅचआधी शेण उचलायचं काम गोलकीपरकडे. मार्चमध्ये हे कोणी ऐकायचं होतं? मीच.

१८ मे, रवि.
आवाज खोल गेलाय. म्हणाले, कोस्टाच्या बायकोला स्वतःच सांगावं असं वाटतंय, त्यासाठी हार कशाला खरा व्हायला हवा. "तू येशील बरोबर?" हो म्हणालो. पुढच्या रविवारी फोनवर दिवस ठरवायचा.

२५ मे, रवि.
दहाला फोन केला. उचलला नाही. साडेदहाला, अकराला. नाही. नर्सचा नंबर कधी घेतलाच नाही.
मृणालने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "फोन केला, उचलला नाही."
ईराने टोस्टवरून मान वर केली. "रिअली, डॅड?"
तिच्यापुढे फोन धरला. तिने तिन्ही कॉल वाचले आणि उठून शूज घालायला लागली. वॉलॉंगॉंगला अकरा चाळीसची ट्रेन आहे.