निळ्या दिव्याचं पाणी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. आठ दिवस पोट बिघडलंय. तुझ्या भावोजींच्या मते कारण काहीही असेल, पाणी नक्की नाही. तू गेल्या वर्षी बसवून दिलेल्या, पाणी शुद्ध करणाऱ्या अतिनील दिव्याच्या यंत्राला हे रोज फडक्यानं पुसतात. खाली दुकानात फोटोला काच बसवायला आलेल्या गिऱ्हाइकालाही वर आणून निळा उजेड दाखवतात.

पंधरा दिवसांपूर्वी पुसता पुसता दिव्यावरची काचेची नळी फोडली. वाटलं, आता तरी तुला कळवतील. पण चाळीस वर्षं काच कापणारा माणूस दुसऱ्याकडून काच कशी मागवेल? दुकानातलीच नळी मापानं कापून बसवली. कंपनीच्या नळीपेक्षा ही स्वच्छ आहे म्हणतात.

रविवारी लेक महिनाभर राहायला येतेय. नात चार महिन्यांची, बाटलीचं दूध पिते, आणि दुधाची पूड याच पाण्यात कालवायची. म्हणून विचारते, काच म्हणजे काचच ना?

कळावे, लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावं.
तुझी ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाम फुटला. काच म्हणजे काच नव्हे! मी बसवलेली नळी क्वार्ट्‌झची होती. जंतू मारणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि साधी काच त्याला आतच अडवते. बाहेर दिसतो तो निळा उजेड नुसता शोभेचा. म्हणजे तुम्ही टाकीतलं पाणी जसंच्या तसं पिताय, फक्त दिवा लावून.

नवी नळी मागवलीय, यायला वेळ लागेल. तोवर सगळ्यांसाठी पाणी खळखळ उकळ. भावोजींना तूच सांग. माझं ऐकतील तर ते भावोजी कसले!

त्यांना नमस्कार, बाळाला पापा, आणि तुझा लोभ आहे तसाच असू दे.
तुझा धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सांगितलं. हे पोट धरून हसले. जो दिसत नाही त्याला उजेड म्हणायचं कसं, असं विचारत होते. मी पातेलं चढवलं तर यांनी शेगडी बंद केली. घरात यंत्र असताना पाणी उकळणं हा त्यांचा अपमान म्हणे. मायलेकींच्या पाण्याचा थर्मास आता हे स्वतः भरून आणतात. जेवताना माझा ग्लासही स्वतःच्या हातानं यंत्राखाली भरून पुढ्यात ठेवतात. लेकीला केवढं कौतुक वाटतं बापाचं!

नात ठणठणीत आहे. तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, पाणी चांगलंच आहे, वाईट तुझं पोट. खरं सांगू, मलाही आता वाटायला लागलंय, तुझंच काहीतरी चुकलं असेल. मी मात्र उभी राहिले की भोवंडतं. आणि एक गंमत, दुकानातल्या चहाच्या शेगडीचा सिलिंडर दहा दिवसांत संपला. इतका चहा पितं कोण, कोण जाणे.

कळावे. लोभ ठेव, रागावू नकोस.
तुझी ताई

ता. २४ मार्च

चि. मेहुण्यास आशीर्वाद.

नळी आली असल्यास पाठवून देणे. गरज म्हणून नव्हे, तुलनेसाठी. माझ्या काचेत दोष नाही, हे तुलाही दिसेल.

नातीची काळजी नसावी. ती आली त्या दिवसापासून थर्मासचं पाणी मी दुकानातल्या शेगडीवर वीस मिनिटं उकळतो. मीही तेच पितो, उगीच धोका कशाला? हे तुझ्या बहिणीला कळता कामा नये. धंद्यातली माझी पत घरातच गमवायला नको. तिला पोटाच्या गोळ्या आणून दिल्या आहेत.

बाकी क्षेम. आपला लोभ आणि मौन दोन्ही असावे.
तुझे भावोजी

ता. ३१ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. नळीच्या गुंडाळीत यांचं पत्र निघालं. ते चुकून राहिलं की मुद्दाम घातलंस, विचारत नाही.

नातीसाठी उकळलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पण स्वतःसाठीही उकळलं! तिघांचं उकळलं आणि चौथीचा ग्लास निळ्या दिव्याखाली धरला. म्हणजे यांना सगळं कळत होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात माझा नंबर त्या काचेच्याही मागे. खूप रडले.

मग उठले. दुकानातली शेगडी वर आणली, मोठं पातेलं चढवलं. लेक, नात आणि मी उकळलेलं पितो. माझं पोट थांबलंय. यांच्या पुढ्यात मात्र जेवताना यंत्राचं पाणी ठेवते, काठोकाठ, लेकीसमोर, त्यांच्यासारखंच कौतुकानं.

आज तिसरा दिवस. घास अडकतो, ठसका लागतो, डोळे लाल होतात, पण ग्लासाला हात लागत नाही. लेक विचारते, बाबा, पाणी का पीत नाही? हे माझ्या पातेल्याकडे बघतात. काच चुकली, एवढं लेकीसमोर म्हणाले की पातेल्यातलं देईन.

तुझी नळी कपाटात जपून ठेवलीय. बसवायला यायची घाई करू नकोस.

तुझ्यावर लोभ आहेच.
तुझी ताई