राखाडी गाडीची निष्पक्ष चाचणी

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.४०

आजपासून नोंदी ठेवणार. छोटी एसयूव्ही चालवायला मजा येते का, या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावायचा. माझी बायको लामदुआन म्हणते, येते. तिला विचारण्यात अर्थ नाही. ती बाजारापर्यंत गाडी नेते आणि पार्किंग मिळालं की खूश होते.

राखाडी गाडी घेऊन दहा महिने झाले. तिनेच पसंत केली. उंच, सुरक्षित, सहा एअरबॅगा. आधीची माझी लाल होती. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून धावणारी. ती गेल्या वर्षी ऑगस्टात गेली. पाऊस होता, रस्ता निसरडा होता, वळणाची आखणीच चुकीची होती. तो विषय संपला.

आमची लेक केम हिच्या नव्या घराची पूजा ८ डिसेंबरला चियांग माईत. तिने फोनवर विचारलं, बाबा येणार का. येणार का म्हणजे काय? स्वतः गाडी चालवत येणार, असं ठणकावून सांगितलं. आमच्या लांपांगहून शंभर किलोमीटर, मध्ये खुनतानचा डोंगर. डोंगरातला जुना रस्ता घ्यायचा. वळणंच वळणं. चाचणीला याहून चांगला रस्ता नाही.

पस्तीस दिवस आहेत. रग्गड झाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्वतयारी. मला लाल रंग लाभतो आणि गाडी राखाडी, म्हणून मागच्या काचेवर स्टिकर लावला: ‘ही गाडी लाल आहे’. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल हाच. काळ्या गाडीवर ‘ही गाडी पांढरी आहे’ असं चिकटवलं की ग्रह गप्प बसतात. वीस वर्षं विकतोय, ग्रहांची एकही तक्रार आलेली नाही.

शेजारचा गॅरेजवाला विरोत बघत उभा होता. म्हणाला, त्यापेक्षा ‘ही गाडी मजेदार आहे’ असं छाप की, चाचणीचं पेट्रोल वाचेल. अशा माणसाला उत्तर देऊन आपण का खाली उतरायचं?

दुपारी एक छापला. केवळ अक्षर कसं दिसतं ते बघायला.

९ नोव्हेंबर, शनिवार

चाचणी क्रमांक १. सकाळी ७.१० ला निघालो.

सपाट रस्ता: स्टिअरिंग इतकं हलकं की गाडी वळतेय की मी नुसता चाळा करतोय ते कळत नाही. ‘स्पोर्ट’ बटण दाबलं. इंजिन जोरात ओरडलं, गाडी होती त्याच वेगात राहिली. बसायला उंच वाटतं. लोकांच्या टपावरचं सगळं दिसतं, त्यात मजा कसली?

डोंगराच्या पायथ्याशी गाडी टिंग टिंग वाजायला लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणते. सीट रिकामी. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. थांबलो, सीट झटकली, निघालो, पुन्हा टिंग टिंग. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असताना डोंगर चढणं जबाबदार माणसाला शोभत नाही. परत फिरलो.

पायथ्याशी बुआखाम मावशींच्या टपरीवर उकडलेलं कणीस खाल्लं. कणीस उत्तम होतं. गाडीबद्दलचा निकाल राखून ठेवला आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

विरोतने सीट तपासली. स्वतः बसला, उठला, बसला, उठला. बसला की वाजते, उठला की थांबते. म्हणतो, सेन्सर ठणठणीत आहे, तूच सांग कोणाला घेऊन फिरतोस. आणि डोळा मारला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला!

१३ नोव्हेंबर, बुधवार

चाचणी क्रमांक २. आवाजावर तोडगा काढला: रिकाम्या सीटचा पट्टा लावूनच ठेवला. साधी गोष्ट, पण डोकं लागतं.

दोन वळणं चढलो. आवाज नाही. पण डावीकडे नजर गेली की रिकाम्या सीटवर आवळलेला पट्टा दिसतो. ते बघवत नाही. मग डावीकडे बघायचंच नाही असं ठरवलं, तर डावा आरसाही बघता येईना. आरशाशिवाय डोंगर चढणं बेजबाबदारपणाचं. परत.

मावशींच्या टपरीवर थांबलो. त्यांनी विचारलं, आज लवकर उतरलात? मी म्हटलं, लवकर म्हणजे? तर म्हणाल्या, रोज वरच्या वळणावर कठड्यावर बसलेले असता ना, निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. माल आणायला जाताना दिसता. हाक मारली तर बघतसुद्धा नाही. आणि रोज एवढे तास बसता तर कधी माझं एक कणीस घेत नाही.

मी स्पष्ट सांगितलं, तो मी नव्हे. मी इतक्या लांब जाऊन कणीस न खाता येईन का? त्यांना हे पटलेलं दिसलं नाही. म्हातारपणी नजर अधू होते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पौर्णिमा

नदीवर दिवे सोडायला गेलो. केळीच्या सोपट्याची होडी मी स्वतः बांधली होती. फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, सगळं रीतसर. सगळ्यांच्या होड्या गेल्या. आमची एक गोल फिरली आणि पायरीला येऊन टेकली. लामदुआनने हाताने पाणी मारून लोटली. पुन्हा आली. नदीचा प्रवाह यंदा विचित्र आहे.

परत येताना तिला गंमत म्हणून मावशींची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. विचारलं, निळा शर्ट? मी म्हटलं, माझ्याकडे निळा शर्ट आहेच कुठे. तर म्हणाली, होता. गेल्या वर्षी सप्टेंबरात मी तो विहारात देऊन टाकला.

झोप नीट लागली नाही. फटाके फार होते.

१७ नोव्हेंबर. टायरमधली हवा दोन पॉइंट कमी. चाचणी रद्द.

१८ नोव्हेंबर. हवा भरली. जास्त झाली.

२० नोव्हेंबर. दोनशे स्टिकरांची ऑर्डर. धंदा आधी.

२१ नोव्हेंबर. प्रवासाला दिवस चांगला नाही. पंचांगात तसं काही नव्हतं, पण वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

चाचणी क्रमांक ३. आज ‘ही गाडी मजेदार आहे’ हा स्टिकर डॅशबोर्डवर लावून निघालो. माणसाने सकारात्मक राहावं.

चार वळणं. वेग अडतीस. मागच्या ट्रकने भोंगा वाजवून वाजवून जीव खाल्ला. पाचव्याच्या अलीकडे रस्ता जरा सरळ होतो आणि समोर ते वळण दिसतं. कठड्याचा दोन गाळ्यांचा तुकडा नवीन आहे, बाकीच्यापेक्षा चकचकीत. त्यावर काहीतरी निळं होतं.

ताडपत्री असणार. रस्त्याचं काम करणारे टाकून जातात कुठेही. ताडपत्रीला पाय नसतात हे मला कळतं, पण उन्हात लांबून तसं दिसतं.

गाडी वळवली. कारण: स्टिअरिंग थरथरत होतं. एवढ्या नव्या गाडीत हा दोष म्हणजे कमाल आहे. परस्पर विरोतकडे नेली. तो शेजारी बसला, मी स्टिअरिंग धरून दाखवलं, बघ कसं थरथरतंय. त्याने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आज त्याने चेष्टा केली नाही. निघताना म्हणाला, थवत, इंजिन बंद आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

केमचा फोन. येताय ना? मी सविस्तर सांगितलं: चाचणी अपूर्ण आहे, सस्पेन्शनबद्दल शंका आहे, अशा गाडीने डोंगर ओलांडणं योग्य की नाही ते ठरायचंय, बसने आलो तर कंबर धरते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली:

‘बाबा, पंधरा महिने झाले. आई दर महिन्याला येते. तुम्ही मला चालताना अजून पाहिलेलं नाही.’

लाइन खराब होती.

तिच्या पायात सळई आहे. डॉक्टर म्हणाले, दोन सेंटीमीटरचा फरक राहील, काम करायला काही अडचण नाही. नोकरी चालू आहे, घर घेतलं, म्हणजे बरंच झालं. दवाखान्यात मी रोज जात होतो. बाहेरच्या बाकावर बसायचो. मला आतला वास सहन होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी लामदुआन म्हणाली, तुझा जीव तिथेच राहिलाय. केमचा आपण त्याच आठवड्यात जाळ्यातून आणला, तुझाही तेव्हाच आणायला हवा होता.

अपघात झाला की माणसाचा जीव भेदरून तिथेच बसून राहतो. मग मासे धरायचं जाळं घेऊन जायचं, हाका मारून त्याला जाळ्यात घ्यायचं आणि घरी आणायचं. आमच्याकडे असं करतात. केमच्या वेळी बायका गेल्या होत्या. मी दुकानात स्टिकर छापत होतो. मला कशाला हवं होतं? मला ओरखडासुद्धा आला नव्हता.

तिने बुआखाम मावशींशी बोलून गुरुवार ठरवलाय. म्हणजे माझ्या पाठीमागे दोघींचं सगळं ठरलंय. मी ठाम नाही म्हणालो. असल्या खुळचट समजुतींवर माझा विश्वास नाही, असंही सांगितलं. ती माझ्या हातातल्या स्टिकरच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं जाळं धुवायला घेऊन गेली.

५ डिसेंबर, गुरुवार

गेलो. तिथे कोणी बसत नाही हे दोघींना दाखवून द्यायला गेलो.

गाडी लामदुआनने चालवली. मी मागे. पायथ्याशी मावशी चढल्या. मांडीवर जाळं, त्यात भाताचा गोळा, केळं, उकडलेलं अंडं आणि माझा बनियन. पाचव्या वळणाच्या अलीकडे मी म्हटलं, मी गाडीतच थांबतो. मावशी म्हणाल्या, थांबा की, आम्ही ज्याला न्यायला आलोय तो तुम्ही नव्हेच.

मग त्या कठड्याशी गेल्या. चकचकीत तुकड्यावरून जाळं तीनदा फिरवलं, जसं ओढ्यात फिरवतात तसं, सावकाश. दर वेळी माझं नाव घेतलं. रागावून नाही, घरच्या माणसाला बोलवावं तसं:

‘थवत, ए थवत, चल घरी. किती दिवस उन्हात बसशील? पोरगी वाचली रे. भात निवतोय.’

मी गाडीतून कधी उतरलो ते आठवत नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून रडलो. दोन ट्रक गेले, एका मोटारसायकलवाल्याने थांबून विचारलं, काय झालं. लामदुआन म्हणाली, काही नाही, न्यायला आलोय.

लिहून ठेवतो. दुसरं कोणी वाचत नाही. त्या दिवशी पाऊस नव्हता. रस्ता कोरडा होता. केमला नोकरीच्या गावी सोडायला निघालो होतो आणि मी एकशेदहावर होतो. ती एकदा म्हणाली, बाबा हळू. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, मजा बघ.

परतीच्या वाटेवर जाळं माझ्या मांडीवर दिलं. वर फडकं झाकलेलं. वाकडं होऊ द्यायचं नाही, आतलं सांडतं. वजन काहीच नव्हतं. तरी घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो. घरी मावशींनी मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि अंडं सोलून बघितलं. गुळगुळीत निघालं. जीव आलाय म्हणाल्या. मग ते अंडं मला खायला लावलं.

८ डिसेंबर, रविवार. रात्री ८

चाचणी क्रमांक ४. चालक मी. शेजारी लामदुआन, मागे पूजेची केळी.

पाचवं वळण पंचवीसच्या वेगाने. मागे नऊ गाड्यांची रांग. एका कोबीच्या टेम्पोने मला ओव्हरटेक केलं, चढावर. हात थरथरले. स्टिअरिंगचा दोष नाही. कठडा रिकामा होता. मी बघितलं.

शंभर किलोमीटरला तीन तास दहा मिनिटं. भिक्षूंचं पठण संपून ते जेवून परत गेले होते. पाहुणे जेवत होते. बाहेर गाडीचा आवाज ऐकून केम फाटकापर्यंत आली. उजवं पाऊल जरा बाहेर टाकून चालते, आणि दर पावलाला खांदा किंचित खाली जातो. फाटक ते गाडी अठरा पावलं. सगळी बघितली. लामदुआन केळी घेऊन आत निघून गेली.

वाटेत घोकलेलं होतं ते सगळं मी बोलायला गेलो. पाऊस नव्हता, इथून सुरुवात करायची होती. पाऊस एवढाच शब्द निघाला. केम म्हणाली, माहितीये बाबा, मी होते ना गाडीत.

मग म्हणाली, बर्फ संपलाय, पाहुणे गरम बिअर पितायत, काका लोक बोंब मारतील. आणि फिरून डावीकडे आली, दार उघडून माझ्या शेजारी बसली. पाय आत घ्यायला तिला हाताने उचलावा लागतो. या गाडीची सीट उंच आहे, त्यामुळे जमलं.

बर्फवाला दीड किलोमीटरवर. जाताना तिने काच खाली केली. एक कुत्रं रस्त्यात बसलं होतं, ते उठेपर्यंत थांबलो. ती घराच्या हप्त्याबद्दल, शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल काही काही सांगत होती. येताना बर्फाच्या दोन पिशव्या मागे.

जाऊन येऊन तीन किलोमीटर. काटा तीसच्या वर गेला नाही. मजा आली.