पेल्यातला तुटका बोल्ट

उधना, सुरत
ता. ६ ऑगस्ट १९९६

प्रिय तारा,

साखरपुड्याला आली नाहीस ते नाहीसच, वर रामदासभाऊच्या हाती ब्लाउज शिवून पाठवलास. तोही रुपालीच्या अंगात असा बसला, की आलेल्या बाया मलाच विचारायला लागल्या, कोणत्या टेलरकडे टाकला होता. काय सांगायचं मी? माझ्या सख्ख्या बहिणीनं शिवलाय, ती शिरपूरला असते, सकाळी निघाली तर दिवेलागणीला सुरतेत पोचते, पण येत नाही, असं सांगायचं? मी म्हटलं, तयार आणलाय. भरल्या घरात खोटं बोलायला लावलंस. अकरा वर्षं झाली तारा, तुझी एक ओळ नाही. शिवणाचा क्लास चालवतेस, दहा-बारा पोरी शिकतात तुझ्याकडे, हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळायचं. लोकांच्या पोरींना शिकवायला वेळ आहे आणि भाचीला कुंकू लावायला नाही. राग कशाचा आहे ते मला माहीत आहे, मी काही खुळी नाही. पण राग तरी माणसानं किती वर्षं सांभाळावा?

अक्षर बघून हसू नकोस. घरची पत्रं रुपालीच लिहिते, मी नुसतं सांगते. हे मी गॅरेजच्या बाकावर बसून लिहितेय, तिच्या जुन्या वहीची पानं फाडून, भर दुपारी, शटर अर्धं ओढून. चौथी शिकलेल्या बाईनं एवढं लिहायचं म्हणजे मनगट भरून येतं. पण हे दुसऱ्याच्या हातानं लिहून घेण्यासारखं नाही. वाचलंस की चुलीत घाल. रामदासभाऊला दाखवू नकोस, भाऊ असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही.

सुरुवात भूपेंद्रच्या गाडीपासून झाली, म्हणून तिथूनच सांगते. भूपेंद्र म्हणजे इथल्या एका साडीवाल्याचा मुलगा. घोड्यासारखा वाढलेला, लग्नाला आलेला, पण सगळा जीव मोटरसायकलीत. त्याची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, मातीत पळवायची आहे. पुढचं मडगार्ड उंच उचललेलं, टायरला दाढांसारखे गठ्ठे, आणि आवाज असा की शेजारच्या कापडाच्या कारखान्यातले माग ऐकू येईनात. पावसाळ्यात चलथाणच्या पुढं रिकाम्या वावरात यांची चिखलातली रेस असते. त्यासाठी इंजिन उघडून साफ करून द्यायचं होतं. सगळं झालं, परत बसवायला घेतलं, आणि शेवटचा बोल्ट आवळताना तुझ्या दाजींच्या हातून तो तुटला. वरचं डोकं पान्यात आलं, दांडा आत राहिला.

तू शिवणारी बाई आहेस, तुला कळेल. सुई तुटून तुकडा मशीनमध्ये अडकतो ना, तसं. फक्त सुईचा तुकडा चिमट्यानं ओढता येतो, हा येत नाही. इंजिन ॲल्युमिनियमचं, मऊ, आणि बोल्ट पोलादाचा. जोर केलास तर बोल्ट तसाच राहतो आणि इंजिनचे आटे फाटतात. मग ते इंजिन भंगारात.

मी दाजींना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. भूपेंद्रसमोर बोलले एवढं सांगते. कारण हा पहिला नव्हता. बावीस वर्षं गॅरेज आहे, धुडकू मिस्त्रीच्या हातून कधी बोल्ट तुटला असं उधन्यात कुणी म्हणणार नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये आवळायला काट्याचा पाना असतो, किती जोर लागला ते काटा दाखवतो. आमच्याकडं तो नाही. हे तीन बोटांनी आवळतात. म्हणायचे, बोल्ट बास म्हणाला की बोटाला कळतं. इथले सगळे जुने मिस्त्री असेच आवळतात, पण यांचा हात म्हणजे हात, लोक कडोदऱ्याहून गाडी ढकलत आणायचे. आणि या सहा महिन्यांत तीन बोल्ट तुटले. मला वाटलं, प्यायला लागले. तोंडाचा वास घेतला मी, तारा, चोरून. वास नव्हता. मग म्हटलं, लक्ष नाही, पोरीचं लग्न ठरलं तर बाप हवेत. तेच त्यादिवशी बोलले. हे पान्यातलं ते तुटकं डोकं बघत बसले.

बोल्ट काढायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी फळीवरच्या काळ्या पेल्यातून रॉकेल सोडलं आणि छिन्नीनं हळूहळू उलट्या बाजूला ठोकलं. हलला नाही. मग तुटक्या दांड्याच्या मधोमध भोक पाडायचं ठरलं, म्हणजे त्यात उलट्या आट्याचा टोच्या घालून फिरवता येतो. तर ड्रिल मधून सरकलं. कधी सरकत नाही यांचं. मग समोरचा निंबा वेल्डर आला, त्यानं दांड्याच्या टोकावर नट चिकटवून दिला. पाना लावला तर नटच उखडून आला. निंबा म्हणाला, वहिनी, मिस्त्रीला आज काय झालंय? मी म्हटलं, आज नाही, सहा महिने झाले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, दुपारी आम्ही दोघंच होतो. निंबानं नवा नट चिकटवला होता. आता इंजिन तापवायचं, म्हणजे ॲल्युमिनियम फुगतं, पकड सुटते. मी ज्योत फेकणारी बत्ती धरली आणि बोल्टच्या आजूबाजूला गोल फिरवत राहिले, हे समोर उकिडवं बसून पान्याला अगदी थोडा थोडा हिसका द्यायचे. बराच वेळ गेला. यांचं तोंड एकदम उजळलं, म्हणाले, फिरला. आणि खरंच फिरला, तारा, करकर आवाज करत वर यायला लागला. तेवढ्यात मला वास आला. मला वाटलं रबर जळतंय. खाली बघितलं. यांचा डावा हात इंजिनला आधार देऊन होता. नुसता टेकवलेला नाही, धरलेला. जिथं मी ज्योत फिरवली होती तिथंच. चामडी पांढरी झालेली, धूर निघतोय, आणि हे बोल्टकडं बघून हसताहेत.

मी बत्ती टाकून दिली. हात ओढून घेतला, तर म्हणतात, काय व, निघत आला होता ना. मी म्हटलं, हात बघा तुमचा. बघितला. तेव्हासुद्धा ओरडले नाहीत. बोल्टचे उरलेले दोन आटे उजव्या हातानं काढले, तो पेल्यात टाकला, आणि मग अंगातल्या सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या खाली चट्टा आहे. रुपयाएवढा नाही, तळहाताएवढा. फिका, वर केस नाही.

तुला तर सांगायला नको तो कसा दिसतो.

मी तिथंच खाली बसले. विचारलं, कधीपासून? म्हणाले, होळीच्या आधीपासून, दोन्ही हातांच्या बोटांना नीट कळत नाही. मी म्हटलं, माझ्यापासून लपवलंत, दवाखान्यात गेला नाहीत, एवढं कशाला घाबरलात, रोगाला? तर खाली मान घालून म्हणाले, "माले रोगना भ्याव नही व. तुना भ्याव वाटस."

रोगाची नाही, माझी भीती, तारा. बत्ती कुठं पडली, कशी विझली, मला माहीत नाही.

आता अकरा वर्षांपूर्वीचं. तू म्हणशील आता आठवलं हिला. रोज आठवत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. महारोग निघाला म्हणून सासरच्यांनी काढलं तेव्हा तू माझ्याकडं आलीस, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या पदरात बांधून. आठ दिवस राहिलीस. तुझं ताट मी वेगळं केलं. ओट्यावर पथारी टाकली. आईनं आपल्या दोघींना नाव घालून दिलेले स्टीलचे पेले होते, त्यातला तुझा मी मोरीजवळ ठेवला. तू तो स्वतः घासून पालथा घालायचीस आणि काही म्हणायची नाहीस. तू मला सांगत होतीस की गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मी ऐकून घेतलं नाही. रुपाली तेव्हा आठ वर्षांची, तुझ्या मांडीवर जायला रडायची, तिला मी कोंडून ठेवलं होतं. नवव्या दिवशी मी तुला स्टेशनात नेऊन भुसावळच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलायच्या आधी मागं फिरले. घरी येऊन यांना म्हटलं, तो पेला खाडीत टाकून या. हे पेला घेऊन गेले, रिकाम्या हातानं आले, आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परवा यांच्या हाताला मलम लावून, फडकं बांधून घरी पाठवलं आणि मी दुकान आवरत बसले. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं, नाहीतर मी वेडी झाले असते. तो रॉकेलचा काळा पेला घेतला आणि राखेनं घासायला लागले. रोज दुकानात येते मी, त्या फळीवर तो कायम दिसायचा, कधी नीट बघितला नव्हता. काळं निघालं तसं खाली अक्षरं आली. तारा. अकरा वर्षं त्यांनी तुझा पेला माझ्या नाकासमोर ठेवला होता, ग्रीस फासून, नटबोल्ट भरून. आणि मी तोच उचलून त्यांच्या हातात देत होते.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात काय आलं ते. तुझ्यामुळं झालं असं आलं. लगेच आलं. लिहायची लाज वाटते, पण लपवून ठेवलेल्याचं काय होतं ते परवाच बघितलं. दुसरं मनात आलं ते चाळीचं. प्लेगच्या वर्षी आम्ही सुरत सोडून गावी पळालो होतो, दोन वर्षं होतील आता. गावच्या लोकांनी आम्हाला वेशीबाहेर चिंचेखाली बसवलं, पाणी वरून ओतलं. माझ्या चुलत जावेनं ओतलं. तेव्हा मी तिला इतक्या शिव्या दिल्या, आणि शिव्या देताना मला तू आठवलीस आणि माझं तोंड बंद झालं. आता इथं कळलं तर चाळ एक दिवस ठेवणार नाही. रुपालीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय, ते लोक मुलगी नेतील का? काल तिची वेणी घालायला बसले होते. पदराला सुई टोचलेली होती, ती काढून तिच्या मानेवर टोचली, दंडावर टोचली, पाठीवर टोचली. ती ओरडली, आई वेडी झालीस का. ती ओरडली तेव्हा मला एवढं बरं वाटलं, तारा, की मी रडायला लागले आणि तिला काही कळेना. मग स्वतःला टोचून घेतलं. अंगभर.

पण माझी खरी भीती ती नाही. परवा संध्याकाळी हे जेवायला बसले. मी मनाशी पक्कं केलं होतं, जसं रोज वाढते तसंच वाढायचं. भाकरी काढली, भाजी काढली, ताट सरकवलं, आणि बघते तर ते कानतुटकं जुनं ताट, जे आम्ही कुणालाच देत नाही. मी ते मुद्दाम घेतलं नव्हतं. देवाशपथ नाही. माझ्या हातानं आपला आपण फळीवरून काढलं. यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि गुपचूप जेवले. काल सकाळी मी यांच्या कपड्यांची पिशवी भरलेली बघितली, पेटीच्या मागं. विचारलं तर म्हणाले, पोरीचं लग्न लागलं की मी निघून जाईन, तुला सांगायची वेळ येऊ देणार नाही. त्यांना जसं इंजिन तापलेलं कळलं नाही, तसं माझ्या हातालाही काही कळत नाही तारा, आणि त्याला कोणती गोळी आहे ते मला माहीत नाही.

म्हणून लिहिलंय. माफी मागायला नाही, माफी तू दे न दे, तुझ्या मर्जीवर. तू ये. दवाखान्यात जायचं मी हजारदा म्हटलं, पण माझ्या म्हणण्यावर त्यांचा भरवसा नाही, आणि तो का नाही ते त्यांच्याइतकंच तुलाही माहीत आहे. तुझ्यावर बसेल. तू त्यांच्यासमोर बस, तुझे हात दाखव, दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या आणि आज याच बोटांनी दहा पोरींना सुईत दोरा ओवायला शिकवते हे सांग. गोळ्यांनी रंग काळवंडतो, लघवी लाल होते, घाबरायचं नाही, हे सांग. ते तुझ्याबरोबर दवाखान्यात जातील. आणि चार दिवस माझ्या घरात राहा, आत, ओट्यावर नाही. मी कोणतं ताट काढते तिकडं लक्ष ठेव, चुकले तर सगळ्यांसमोर बोल. तुझा पेला उकळून, घासून ठेवलाय. त्यात मी कालपासून चहा पितेय, आधी जमेना, आज जमला. तुटका बोल्ट दुकानाच्या खिळ्याला बांधून ठेवलाय. भूपेंद्र इंजिन घेऊन गेला, खूश आहे, त्याला काही माहीत नाही. १९ तारखेला सोमवारी नागपंचमी आहे आणि त्यापुढच्या रविवारी कानबाईचा सण, सगळी भावकी घरात येईल आणि यांचा हात बघेल. तेव्हा मला त्या सोमवारपर्यंत तुझं उत्तर पाहिजे. येतेस की नाही एवढंच लिही. नाही येत असशील तर नाही लिही, पण नुसती गप्प बसू नकोस. सोमवारपर्यंत.

तुझीच,
मालतीताई