मासे सोडण्याआधी

२ ऑगस्ट २००६
नांदेडहून काचेची टाकी आणली. एसटीत मांडीवर. पाय अजून बधिर. नातू धम्मदीप मागच्या सुट्टीत दोन दिवसांत कंटाळला. म्हणे, नानाकडं काहीच न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत मासे दाखवीन असा फोनवर शब्द दिलाय. पण घाई नाही. आधी काही आठवडे नुसतं पाणी फिरवायचं. माशांची घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया तयार होतात, विरजण लागावं तसे. मी गणिताचा मास्तर खरा, पण एक वर्ष सायन्सही शिकवलंय.

५ ऑगस्ट
नळ आला. टाकी भरली. पद्मा म्हणाली, आठ दिवसानं पानी आलं अन् तुमी काचंत काहून वतून राहिले? मी पुढची बादली ओतली.

२० ऑगस्ट
बॅक्टेरियासाठी टाकलेलं खाद्य सडलं. घरभर वास. वास म्हणजे प्रगती. फिल्टरचा स्पंज काळा पडला होता, साबणाने स्वच्छ धुतला. मग आठवलं, बॅक्टेरिया स्पंजातच राहतात. हरकत नाही. पुन्हा पहिल्यापासून. पद्मा म्हणते, दह्याला बी इतका येळ लागत न्हाई.

६ सप्टेंबर
लोडशेडिंग. दिवसभर पंप बंद, पाणी निपचित. ठरवलं: उद्यापासून दर अर्ध्या तासाला हाताने ढवळायचं.

७ सप्टेंबर
दोनदा ढवळलं. मनगट दुखतंय. पाण्यालाही विश्रांती हवी.

१८ सप्टेंबर, सकाळी
जमलं! टाकीत जीव निर्माण झाला. बारीक, वळवळणारे, खाली जातात, वर येतात. पद्माला हाक मारून दाखवले. म्हणाली, रांजणात असले दिसले की मी तवाच फेकून देते. तिला रांजण आणि अ‍ॅक्वेरियम यातला फरक कळत नाही.

२९ सप्टेंबर
ताप. गुडघे धरलेत. पद्माचीही बोटं वळत नाहीत. गल्लीभर चिकुनगुन्या. शेजारचे गोपीचंद काठी टेकत चालतात. लोक कुठेतरी पाणी साचू देतात आणि त्रास आपल्याला. शुद्ध बेजबाबदारपणा! हिवताप विभागाला तक्रार. मी सांगितली, गोपीचंदांनी कण्हत लिहिली.

८ ऑक्टोबर
हिवतापवाले धर्मसिंग आले. तक्रार माझी म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून. रांजण बघितला, कूलर बघितला, टाकीपुढे थांबले. म्हणाले, सर, मच्छर का तो कारखाना खोला है आपने. पूर्ण गल्लीला इथूनच सप्लाय. पाणी ओतून देतो म्हणाले. मी म्हणालो, दोन महिन्यांची तपश्चर्या आहे. मग त्यांनी डब्यातले गप्पी मासे टाकीत सोडले. फुकट. मला विचारलंही नाही. मासे लगेच अळ्या खायला लागले.
गोपीचंदांना सांगावं का? बघू. त्यांना आधीच तकलीफ फार आहे.

१६ ऑक्टोबर
मासे ठणठणीत. म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती.
संध्याकाळी करुणाचा फोन. पद्माने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पोरगी म्हणाली, तुमच्या गल्लीत साथ असताना लेकराला कसं आणू? यंदा येत न्हाई. पद्माने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे धम्मदीप. विचारतो, नाना, मासे आले का? व्हय म्हणालो. रंग कोणता? मासे राखाडी आहेत. लाल सांगितला. फार वाईट वाटलं.
मग त्याने विचारलं, नाना, तुमच्याकडं एवढे डास कुठून आले?
पद्मा टाकीकडे बघत होती. चौकशी चालू आहे, म्हणालो.