सात नंबरची डबी

शनिवार, दिवेलागणीला

सात नंबरची डबी सांगतेय, माती पार कोरडी. पण कुठली माती? मोसंबीच्या बागेत ओल मोजणाऱ्या डब्या पुरताना मी खुणाच केल्या नाहीत. म्हटलं, बागेत उभ्या केलेल्या तीन अँटेनाच्या खांबांवर डब्यांची जी रेंज येते, तिच्यावरून कॉम्प्युटर जागा काढील. तो हिशेब ओल्या मातीचा. सुकल्या मातीतून रेंज जोरात येते, म्हणून प्रत्येक डबी तिन्ही खांबांच्या जवळ दिसते. एक डबी तीन ठिकाणी कशी असंल?

शहरातल्या नव्या कॉलन्यांना देऊन उरलेला पाण्याचा एक टँकर उद्या येतोय, चार झाडांपुरता. सात नंबर कुठंय?

आमची ही म्हणाली, "अहो, हाक मारून बघा, ओ देईल." हसलो. मग दोघं झाडं चाचपत फिरलो. सगळ्यांचीच पानं मुडपलेली.

"उद्या पाइप तूच धर," मी म्हणालो.

"मी नाय. चौघांना पाजताना पाठ कुणाकडं करू?"